घरची हाक

६ मार्च १९५७, बुधवार

आजपासून लिहायचं ठरवलं. अक्षरं मले येतात, सुंदर येत नाईत. मोठ्या मानसांच्या रात्रीच्या वर्गात दोन हिवाळे गेली, तिसऱ्या हिवाळ्यात मास्तरची बदली झाली अन् माहं शिक्षन तिथीच संपलं. जोडाक्षर आलं की अजूनबी बंडीचं चाक चिखलात बसते तसं होते. पन घरात आता बोलाले कोनी नाई अन् बाहेर बोलाची सोय नाई. मुखरूचं नाव काढलं की शेजारीन भांडे घासाचे थांबवते, तिले नीट ऐकू आलं पाहिजे म्हनून. लिहिलं त निदान आवाज होत नाई. लिहिताना माहे ओठ हलतात, ते हलू द्या.

मुखरू माहा पोरगा. सागाचे ओंडके जंगलातून डेपोवर आनाचं काम करते, सवताची बंडी, सवताचे बैल. मागच्या आठवड्यात त्याची बंडी जंगलखात्याच्या नाक्यावर धरली. वर साग, जवळ माल नेन्याचा पास नाई. नाकेदारानं कंदील वर केला तसा हा उडी मारून जंगलात गेला. बंडी, बैल जप्त. आता गावभर 'मुखरू सागचोर'. चोर म्हने! लहानपनी गूळ चोरे तवा तोंडाले लागलेला गूळ घेऊन माह्यापुढंच उभा राहे. ह्याच्यानं चोरी व्हते काय?

सकाळी जावई येऊन गेले. गुणवंतराव, माह्या पोरीचा, इंदूचा नवरा, नात मंगलीचा बाप. आलापल्लीले ठेकेदाराचा मुनशी हाय. पायात बूट, तोंडात साखर.

"आत्याबाई, मुखरूले म्हना दडूनच राह्य. पाडव्यानंतर नागपूरहून चौकशीचा साहेब येऊन राह्यला. तोवर मी सारं निस्तरतो."

"मले काय ठाऊक तो कुठी हाय?"

"माय तुमी. तुमाले ठाऊक नसन त कोनाले असन?" असं म्हनून हसले. चहा पेले, दुसऱ्यांदा मागितला. माही साखर संपली.

९ मार्च, शनिवार

मोहफुलाची टोपली घेऊन पहाटे निंघाली. सध्या सारंच गाव मोहा वेचाले जंगलात असते, म्हनून माह्या मागं कोनाचं लक्ष गेलं नाई. फुलांच्या खाली भाकरी अन् चटनी.

आंबेझरीच्या नाल्यावर जाऊन हाक दिली.

आमच्या टोल्यात, ह्या वस्तीत, हरेक घराची एक हाक असते. शब्द नसते तिच्यात, नुसता सूर. आमची खालून वर चढते अन् एकदम तुटते. अंधारात मोहा वेचताना कोन कुठी हाय ते ह्यानंच समजते. ही झाली साऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. दुसरी गोष्ट आमच्या घरातलीच. माह्या सासऱ्याच्या काळी बेगारीसाठी मानसं धरून नेत. गडी जंगलात दडत, बाया घरी राहत. सासऱ्यानं तवा ठरवलं: एक हाक आली त 'मी इथी आहो, तू हालू नको'. दोन हाका लागून, मंग एक पूरा दम घेऊन तिसरी, असं आलं तरच 'मानसं गेली, बाहेर ये'. हे टोल्यात कोनाले सांगतलं नाई. घरातल्या लेकरांना मात्र चालाले लागले की शिकवलं. मुखरू शिकला, इंदू शिकली.

मुखरू तिसऱ्या हाकेवर करवंदीच्या जाळीतून निंघाला. दाढी वाढली. भाकर उभ्यानंच खाल्ली.

"कोनाचा माल होता?"

"सोड ना माय."

"सोडाले काय झालं? बैल माहे बी व्हते. कोनाचा होता?"

मान खाली घातली. "भाऊजीचा. पास मंग देतो म्हनले. माल पास झाल्याचा शिक्क्याचा हातोडा ओंडक्यावर त्यांनीच मारला, माह्यासमोर."

"मंग साहेबापुढं बोल."

"बोलून? इंदीचं काय? मंगलीचं काय? माही बायको गेली, लेकरू नाई. मी एकटा, माहं काय मोडते? पाडवा झाला की नदीपार तेलंगाकडं निंघून जातो. एक पावसाळा गेला की लोक विसरतात."

मी त्याले शिव्या दिल्या. बहिनीसाठी रानात राहनारा भाऊ पोथीत शोभते, घरात नाई. तो हसला अन् म्हनला, उद्या मिरची कमी घाल.

घरी येताना इचार केला. जावई चोर, हे आता पक्कं. पन मुखरू पळाला त त्याचंबी भलंच हाय. सापडला त नाव घेईन. म्हनजे आमाले दोघांना एकच पाहिजे. त्या मानसाचा भरवसा नाई, पन त्याच्या भेवाचा भरवसा हाय.

१४ मार्च, गुरुवार

आलापल्लीले पिक्चरवाले आले. जंगलाचं पिक्चर काढाचं म्हने. तीन लॉऱ्या, तंबू, एक पिंजऱ्यातला वाघ. आमच्या जंगलात वाघ आनाले पिंजरा लागला, ह्याचंच मले हसू आलं. इंदू मंगलीले घेऊन पाहाले गेली होती. म्हनते, नटी गोरी हाय पन चिमटीत पकडावी एवढी.

जावई त्या लोकांत लई फिरून राह्यले. कोंबड्या पुरवतात, मानसं पुरवतात.

१७ मार्च, रविवार. धुळवड

आज दुपारी जावई एका बाबूले घेऊन आले. पाध्ये नाव, मुंबईचा, दुबळा, गळ्यात कानाले लावाचं यंत्र. सोबत लोखंडी पेटी. खुर्शीद लॉरीवाल्यानं ती आत आनून ठेवली. खुर्शीद आलापल्लीचा, सध्या त्याची लॉरी पिक्चरवाल्यांनी भाड्यानं घेतली. मले मौसी म्हनते.

बाबू खाटेवर बसला, ताकाले नाई म्हनला नाई. मानूस वाईट नाई. मी विचारलं, "वाघ डरकला काय?"

"नाही हो आजी. सर्कशीतला आहे. ऊन लागलं की झोपतो. गर्जना आम्ही नंतर लावू."

"लावू म्हनजे?"

"दुसऱ्या वाघाची. ती रेकॉर्ड आहे आमच्याकडे."

"मंजे तोंड याचं अन् डरकाळी त्याची? ह्या वाघाले लाज नाई वाटत?"

खुर्शीद खोकू खोकू हसला. बाबूबी हसला. मंग म्हनते, लोकांना वाटतं की आपण डोळ्यांनी घाबरतो. पडद्यावर नुसता अंधार दाखवा आणि एक वाळलेलं पान मोडल्याचा आवाज करा, माणूस शेजाऱ्याचा हात धरतो. बाकीचं जंगल तो आपल्या डोक्यात उभं करतो.

हे मातर खरं. मोह्याखाली अस्वल येते तवा दिसत नाई. आधी पाला वाजते, अन् पोटात अस्वल उभं राहते, हाताइतके दात घेऊन. किती वेळा ते रानडुक्कर निंघालं, एकदा त आमचाच कुत्रा निंघाला. मी त्याले आमच्या गावच्या दंडारीच्या नाटकाचं सांगतलं. पत्रू न्हावी रानी होत असे, मिशी तशीच. रडाची वेळ आली की कनातीमागून त्याची बायको रडे. लोक पत्रूच्या मिशीकडं पाहून डोळे पुसत. बाबूनं मांडीवर हात मारला. "हेच! हेच आम्ही करतो!"

मंग जावयानं मुद्द्याचं काढलं. पिक्चरात नटीची माय जंगलात हरवलेल्या पोरीले हाक मारते. जी बाई माय झाली तिले हाक येत नाई, घसा बसते. "आत्याबाईची हाक साऱ्या टोल्यात नामी," जावई म्हनले. "द्या ना एक. बाबूची साहेब लोकांत वळख हाय. मुखरूसाठी शब्द टाकतीन."

बाबूनं जावयाकडं पाहिलं, मंग खाली पाहिलं. त्याची वळख असन की नसन, मले काय ठाऊक. पन मुखरूचं नाव आलं अन् मी उठली.

अंगनात उभं करून माह्यापुढं एक डंडा धरला. हाक दिली. एकच दिली. बाबू म्हनला, आणखी दोन-तीन द्या, निवडायला बऱ्या. मी म्हनलं, नाई. एकच. जावई म्हनले, द्या ना. मी म्हनलं, पिक्चरात एकीले एक पुरे.

एवढी अक्कल मले हाय. तिसरी हाक घरची हाय, ती मी बाजारात नेनार नाई.

मंग बाबूनं पेटीतून ती हाक वाजवली. मी म्हनलं, हे मी नाई. कोनीतरी म्हातारी, घशात राख भरलेली. सारे म्हनतात, तुमीच. मी म्हनलं, माहा आवाज मी जनमभर ऐकून राह्यली, मले शिकवता काय? पन आमचा कुत्रा परसातून धावत आला, माह्या पायाजवळून गेला अन् त्या पेटीजवळ शेपूट हलवत बसला. बाबूनं पुन्हा वाजवली, कुत्रं कान टवकारून पेटीलेच चाटाले लागलं. जावयाले ते लई आवडलं. "पुन्हा लावा," म्हनले, "पुन्हा." कुत्र्याले पाहून इतकं खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी हाकललं कुत्र्याले. नमकहराम.

१९ मार्च, मंगळवार

मनातून ती म्हातारी जात नाई. भांडे घासताना, झाडताना वाटते कोनीतरी मागं उभं राहून माही हाक मारून राह्यलं. मानसाले आपला आवाज आतून ऐकू येते, हाडातून. दुसऱ्यांना बाहेरून. मंजे ज्या आवाजानं सारे मले वळखतात तो मलेच ठाऊक नव्हता.

माहा नवरा मेला त्याले लई वर्सं झाली. त्याचा चेहरा आता फोटोसारखा सपाट दिसते. पन त्याचा खोकला अजून जसाच्या तसा हाय. कधी कधी पहाटे येते, अन् मी पानी द्याले उठते. मंग शिव्या देऊन झोपते.

२२ मार्च, शुक्रवार

इंदू आली होती. रडली. भाऊ कसा असन, खाते काय, झोपते कुठी. मी म्हनलं, खाते माह्या हातचं, झोपते आंबेझरीकडं. "पाडव्याले नदी पार करनार," हेबी सांगतलं. तिनं डोळे पुसले. मायेचे दोन शब्द बोलाले तिले माह्याशिवाय कोन हाय? मी तिच्या वेनीत तेल घातलं. पोरीचे केस लई गळून राह्यले.

जाताना म्हनली, "माय, तू कशी हाक मारते त्याले? जुनीच? तीनवाली?"

"मंग काय नवीन काढू?"

२६ मार्च, मंगळवार

इंदूकडं आली. मंगलीले ताप आला, माय ये, असा निरोप. ताप म्हनावा तर पोट्टी अंगनात लंगडी खेळून राह्यली. इंदू म्हनली, उतरला. मी म्हनलं, मंग जाते, उद्या पहाटे मले जाचं हाय. तिले ठाऊक हाय कुठी. "राह्य ना एक दिवस," असं म्हनून माहा हातच सोडेना. कोंबडी कापली. जावयाच्या घरी माह्यासाठी कोंबडी! लग्नापासून पहिल्यांदा. जावई घरी नव्हते, पिक्चरवाल्यांसोबत.

मुखरूजवळ कालची भाकर हाय. एक दिवस निभते.

२७ मार्च, बुधवार

अंधारातच इंदूनं जातं मांडलं. मी म्हनलं, "पीठ त काठोकाठ भरलं हाय वं टोपल्यात."

"पाडव्यासाठी पाहिजे."

अन् ओव्या म्हनाले लागली, मोठ्यानं. इंदू लहानपनापासून ओवी म्हनत नाई. तिचा सूर कधी लागलाच नाई, अन् तिले ते ठाऊक हाय. आज ओरडून म्हनत होती. दाने कमी, घरघर जास्त. मले वाटलं बाहेर काही वाजलं. म्हनलं, थांब वं जरा. ती थांबली नाई. ओवी अर्धी सोडून पुन्हा पहिल्यापासून धरली.

जात्याच्या वरून एक बाई ऐकू आल्यासारखी वाटली, लई दूर, रानाकडं. कोनीतरी कोनालेतरी बोलवत होती. वळखीची वाटली, पन कोन ते आठवेना.

२८ मार्च, गुरुवार

मुखरूले धरला. काल पहाटे, आंबेझरीवर. अहेरीच्या कोठडीत नेला.

जावई म्हनतात, "मले बी आत्ताच समजलं आत्याबाई. नशीब." इंदू चुलीजवळून उठलीच नाई.

मी गेली असती काल त निदान भाकर खाऊन गेला असता.

३ एप्रिल, बुधवार

पाडवा गेला. गुढी उभारली नाई.

आज अहेरीले गेली. शिपाई बरा होता, गजापर्यंत जाऊ दिलं. मुखरू भिंतीले टेकून बसला होता. मले पाहिलं अन् तोंड फिरवलं. पायाले लागलं असन, वळता येत नसन, असं मले वाटलं. मी भाकरीचं गाठोडं गजातून सारलं. त्यानं ते पायानं माह्याकडं सारलं.

"काऊन हाक मारली, माय?"

मले समजलंच नाई. "कोनी? मी त इंदीकडं होती."

"मी तुही हाक नाई वळखत काय? दोन लागून आल्या. मी बसून राह्यलो. मंग दम घेतला. मंग तिसरी. आलो बाहेर. समोर नाकेदार अन् शिपाई. तू नव्हती, हाक तुही होती."

तवा माह्या डोळ्यापुढं ती पेटी आली. मी सांगाले लागली, बाबू आला, डंडा धरला, पेटीत माहा आवाज गेला. बोलताना मलेच ते खोटं वाटून राह्यलं. मी जे सांगत होती त्याच्यावर मीच महिन्याआधी भरवसा ठेवला नसता.

"एकच दिली मी त्याले. एकच!"

"तीन आल्या."

"तेच त म्हनते, ती पेटी..."

"माय," तो म्हनला, हळू, जसं लेकराले समजवावं. "पेटी बोलत असन. पेटी दम घेते काय?"



"इंदीसाठी केलं ना तू? बरं केलं. तिचं घर राह्यलं. मले राग नाई. पन आता येत जाऊ नको."

मुखरूनं मले जनमात कधी शिवी दिली नाई. आज दिली असती त बरं झालं असतं.

परत येताना खुर्शीदची लॉरी भेटली. त्यानं पुढं बसवलं. थोडा वेळ गेल्यावर म्हनला, "मौसी, तुमची आवाज तर मी भोंग्यावर ऐकली त्या दिवशी. या अल्ला, काय आवाज! पाखरं उडाली."

"कोन्या दिवशी?"

"मागच्या बुधवारी, पहाटे, फजरच्या टायमाले. आंबेझरीकडं गाडी मीच नेली. गुणवंतराव म्हनले, जंगलात आवाज किती दूर जाते ते पाहाचं हाय, फिलमचं काम. पाध्येबाबू बटन दाबे अन् गुणवंतराव बोटानं सांगे: एकदा, पुन्हा, आता थांबा... थांबा... हां, आता. मंग भोंगा बंद करून म्हनले, चला. मी म्हनलं बाबूले, येवढ्यासाठी इतका पेट्रोल?" मंग त्यानं माह्याकडं पाहिलं. गाडी सडकेच्या कडेले उभी केली. "मौसी, मले ठाऊक नव्हतं. कुरानची कसम."

मले त्याचा राग नाई. बाबूचाबी नाई, पिक्चरवाले गेले, तो आपल्या पेटीत माही हाक घेऊन मुंबईले गेला असन, तिथी ती कोन्या गोऱ्या बाईच्या तोंडात घालतीन.

जावई बोट दाखवून थांबवत होता. केवढं थांबाचं, ते त्याले कोनी शिकवलं? ती गोष्ट तीन मानसांना ठाऊक हाय. एक कोठडीत हाय. एक हे लिहून राह्यली.

६ एप्रिल, शनिवार

इंदूकडं गेली. जावई डेपोवर. ती सूप घेऊन बसली होती. मी उंबऱ्यावरच विचारलं, "दम किती घ्याचा, ते तू सांगतलं?"

सूप खाली ठेवलं नाई. पाखडत राह्यली. "त्यानं विचारलं, मी नुसतं सांगतलं."

"नुसतं!"

"त्यानं सांगतलं, मुखरू सापडला नाई त साहेब मुनशीले धरन; सापडला त बहिनीसाठी तोंड उघडनार नाई. मंग मी काय करू? हा जेलात गेला त मंगलीले कोन पाहीन? उद्या हिचं लगन कोन करीन? चोराची पोरगी म्हनतीन."

"अन् आता चोराची बहीन म्हनत नाईत काय?"

"बहिनीचं काय जाते?" मंग एकदम ओरडली, "मुखरू एकटा हाय, माय! एकट्याचं कमी मोडते!"

मी खाली बसली. हेच शब्द मुखरू नाल्यावर बोलला होता, भाकर खाताना. त्यानं सवताहून सवतासाठी म्हनले होते. हिनं त्याच्यासाठी म्हनले.

"मले तरी सांगाचं," मी म्हनलं.

"तुले सांगतलं असतं त तू गेली असती नाल्यावर."

"म्हनून कोंबडी कापली."

 मंगली आली अन् आजी, आजी करून मांडीवर चढली. तिचं अंग गार होतं. ह्या पोरीले ताप आलाच नव्हता.

माह्या लेकीले नजर लागू नये म्हनून मी मीठ ओवाळून टाकत असे. आता वाटते, कान उपटाचे होते.

ह्या घराले मीच दिली हिले. बूट पाहून.

९ एप्रिल, मंगळवार

इंदूले म्हनलं, चल. कुठी म्हनून तिनं विचारलं नाई. खुर्शीदच्या लॉरीत बसलो, दोघी दोन टोकांना, मधात त्याच्या तेलाच्या डब्यांची रास.

अहेरीले पोचलो. मुखरूनं पुन्हा तोंड फिरवलं. मी म्हनलं, "माह्याशी बोलू नको. हिच्याशी बोल." अन् मी बाजूले झाली.

इंदू गजापुढं उभी राह्यली. मुखरू उठून बसला. बहिनीले पाहून तोंडावर आनंदच आला मेल्याच्या. "आली काय वं? मंगली बरी हाय?"

इंदूनं मान हालवली.

"भाऊजी?"

पुन्हा मान.

"मायले म्हनलं मी, तुह्या घरासाठी केलं त बरं केलं. तू मनाले लावून घेऊ नको." इंदू उभीच. "ते पेटीचं सांगून राह्यली माय. डोक्यावर परिनाम झाला तिच्या. मी म्हनलं, पेटी दम घेते काय? सांग तिले, इंदे."

मले वाटलं आता ही काहीतरी बोलन. खोटं तरी बोलन.  ही खोटं बोलली त तो तेच खरं धरन, हे मले ठाऊक होतं.

 तिनं पदर तोंडावर घेतला अन् तसाच दाबून धरला. बाहेर शिपाई पानी ओढत होता, रहाटाचा आवाज येऊन राह्यला होता. तो थांबला. इंदू तशीच.

मुखरू तिच्याकडं पाहत राह्यला.  मी ह्या पोराले बायकोले मसनात जाळून आल्यावर पाहिलं हाय, तवाबी त्याचं तोंड असं झालं नव्हतं. मंग त्यानं डोळे तिच्यावरून काढले. माह्याकडं पाहिलं.

"माय, उभी काऊन? बस ना. पाय दुखतीन."

मी बसली. गजातून त्यानं गाठोडं घेतलं अन् भाकर मोडली.

"साहेब आला काय नागपूरचा?" त्यानं विचारलं.

"आला. आलापल्लीच्या बंगल्यात उतरला."

"मी काही बोलनार नाई त्याच्यापुढं. आता त नाईच." असं म्हनला अन् इंदूकडं पाहिलं नाई.

"तू नको बोलू," मी म्हनलं. "मले तोंड हाय."

येताना पुन्हा दोघी दोन टोकांना. लॉरीचा खडखडाट होता म्हनून बरं. इंदूच्या गावाचा फाटा आला. ती उतरली, पदर सारखा केला. गाडी सुटनार तेवढ्यात तिनं दाराची दांडी धरली.

"माय, साहेबाकडं जाशील?"

"जाईन. हातोडा कोनाच्या हातात होता ते सांगीन."

मले वाटलं, आता पाय धरन. मी पाय आखडून घेतले. पन तिनं पाय धरले नाईत. दांडीवर तिचे बोट पांढरे झाले होते.

"कोन्या दिवशी जाशील ते मले सांगू नको," ती म्हनली. "त्यानं विचारलं त मी सांगून टाकीन."

मंग दांडी सोडली अन् चालाले लागली, नवऱ्याच्या घराकडं.

मी तिले दिवस सांगतला नाई. इथीबी लिहित नाई.